दुसऱ्या पडद्याची वायर

मंगळवार, ४ मार्च

दुसरा पडदा काळाच! सकाळपासून तीन तास गेले. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाची पानं लावायची आहेत — एका पडद्यावर हस्तलिखित, दुसऱ्यावर पान. म्हणून तर धाकट्या भावाकडून एवढा कॉम्प्युटर जोडून घेतला. महिनाभर खपला तो त्यावर. पहिला मॉनिटर छान चालतो. दुसऱ्यावर नुसतं ‘सिग्नल नाही’.

त्याला फोन केला. म्हणाला, “ताई, दोन्ही वायरी खाली, पडद्यांच्या कार्डालाच लावल्यास ना?” म्हटलं, “हो रे बाबा, हो!” खरं तर बघितलंसुद्धा नव्हतं. दुसरी वायर टेबलामागे हात घालून जिथे बसली तिथे खोचली होती. “मी येऊन बघू?” — “काही नको. धड दिला असतास तर यायची वेळच आली नसती.” आणि ठेवला फोन.

५ मार्च

छापखान्यात पानं द्यायला गेले. मॅनेजरसाहेब सहज म्हणाले, “तुमच्या भावाला आमचे दहा कॉम्प्युटर सांगितलेत हं. नवीन दुकान आहे त्याचं, तेवढाच हातभार.” आणि मी काय बोलावं? “बघा हं, माझाच धड चालत नाही!” सगळ्यांसमोर. बाइंडर हसला. मीही हसले. जीभ आहे की कात्री!

६ मार्च

एकाच पडद्यावर काम. मान धरली. धाकट्याचा फोन नाही. नसू दे.

११ मार्च

भाजी घेताना धाकट्याची बायको भेटली. “छापखान्याचं काम गेलं, वन्सं. हे काही बोलतच नाहीत. दुकानात नुसते बसून असतात.” मी पिशवी या हातातून त्या हातात करत राहिले. माझ्यामुळे गेलं, हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. “होईल सगळं नीट,” म्हणून निघून आले.

१४ मार्च

शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने टेबल पुढे ओढलं, मागे बॅटरी मारली. “मॅडम, ही वायर वर लावलीय की! हे मदरबोर्डचं तोंड. खाली वेगळं कार्ड बसवलं की बोर्ड हे बंद ठेवतो. दोष काही नाही.” मशीन सुरू होताहोताच एक बटण दाबून सेटिंगच्या पानावर गेला, कुठलीशी एक ओळ चालू केली — आणि दुसरा पडदा लख्ख! पाच मिनिटं लागली. पाच!

जाताना म्हणतो, “ज्याने कुणी जोडलाय, मन लावून जोडलाय. आतल्या वायरी बघा कशा बांधल्यात.” मला बघवल्या नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ मार्च

तीनदा त्याचा नंबर काढला, तीनदा फोन बाजूला ठेवला. लहानपणी त्याच्या चुका आईला सांगायला धावत जायचे. स्वतःची सांगायची तर तोंड उघडत नाही! आधी छापखान्यातल्या साहेबांना खरं काय ते सांगते. काम परत मिळालं तर त्याच्यासमोर उभी तरी राहू शकेन.

१७ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. माझं बोलणं त्यांनी मनावर घेतलंच नव्हतं. काम धाकट्यानेच सोडलं — सहा तारखेला स्वतः येऊन. म्हणाला, “तुम्हाला तसलेच बोर्ड देणार होतो. त्यांच्यात दोष आहे. वायर बरोबर लावलीय म्हणते ताई, आणि ती खोटं बोलणार नाही.”