माझा शनवार

६ सप्टेंबर, रविवार

नाही म्हणजे नाही! महिपतीशेठना आज तोंडावर सांगितलं. येत्या शनवारी-रविवारी माझा नव्याचा सण, सोमवारी त्यांची चतुर्थी. आम्हा बेने इस्रायलांचं नवं वर्ष यंदा नेमकं गणपतीच्या ऐन गर्दीत उगवतंय, त्याला मी काय करू? पंचांग मी छापलं नाही.

शेठ म्हणाले, "एक शनवार गो, डेबोरा. बाकीचे मी कधी मागितले काय?" नाही मागितले, खरंय. कारण मूर्तीचे डोळे आखायला अख्ख्या कारखान्यात माझ्यासारखा हात नाही. रंग कोणीही मारतं. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि डोळे मी. म्हणून तर इतकी वर्षं मी शनवार पाळते आणि कोणाची बोलायची टाप नाही. त्या दिवशी माझ्या स्टुलावर निकेश बसतो, उंदरांचे डोळे काढतो. उंदरांपुरता बरा आहे.

८ सप्टेंबर, मंगळवार

आयझॅकचा फोन. भाऊ इस्रायलला गेला आणि तिथून दर फोनला शिकवणी. "ताई, मूर्तींचे डोळे काढतेस नि वर सणाची सुट्टी मागतेस? आपल्या धर्मात बसतं का हे?" म्हटलं, तू गेलास तेव्हा आईचं औषधपाणी तुझ्या धर्माने केलं नाही, ह्या कुंचल्याने केलं. मी पूजत नाही, आखते. 

कारखान्यात माझा सण आड येतो, भावाला माझं काम आड येतं. दोघांनी मिळून काय ते ठरवा आणि मला कळवा!

संध्याकाळपर्यंत रागारागात पुष्कळ मूर्ती उरकल्या. राग आला की माझी रेघ सरळ येते.

९ सप्टेंबर, बुधवार

कारखान्याच्या आळीत पाय ठेवायला जागा नाही. रोह्या-नागोठण्याचे टेम्पो, पाट घेऊन आलेली माणसं, पोरांचा कल्ला. मान अवघडली. जेवण चार वाजता.

१० सप्टेंबर, गुरुवार

शेठ आज हळूच म्हणाले, "शनवारी आली नायस तर पुढच्या हंगामाचं मी काय बोलू शकत नाय." म्हणजे काढणार. सरळ म्हणायची हिंमत नाही.

घाबरले का? घाबरले. दुसरं काम मला येत नाही आणि हेच मला आवडतं. बुबुळ भरलं की मूर्ती पहिल्यांदा माझ्याकडे बघते. ते मी सुखासुखी सोडणार नाही. — पण शनवारही सोडणार नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीच घरी. चिकाचा हलवा घोटतेय. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, हात थांबवला की बुडाला लागतो. मध्येच एलियाहकाकांचा फोन. आमचं प्रार्थनाघर तेच सांभाळतात, सणासाठी कालच रोह्याहून येऊन राहिलेत. "ठाण्याची मंडळी येत नायत गो. खारपाड्याच्या पुलावर गाड्या हलत नायत. दहा पुरुष जमले नायत तर प्रार्थना पुरी व्हायची नाय. तू कामावर जा. देव समजून घेईल."

शेठना कुठून बातमी लागली कोण जाणे. निकेशला धाडला. दोन मुलांचा बाप, पण दारात शाळकरी पोरासारखा उभा. "मावशी, आता तर मोकळ्या हाव ना?"

मोकळी? सण काय माणसं मोजून येतो? त्याच्या हातावर हलव्याची वडी ठेवली आणि परत पाठवला.

दिवा लावायची वेळ होत आली. उद्या-परवा आम्ही लिहायचं नसतं.

१३ सप्टेंबर, रविवार, चांदण्या दिसल्यावर

दोन दिवस प्रार्थनाघरात काका आणि मी. बाकी सगळे बाक रिकामे. आज काकांनी नव्या वर्षाचं शिंग फुंकलं. बाहेर गणपती नेणाऱ्यांचा बेंजो वाजत होता. काकांचा दम अर्ध्यात तुटला, पुन्हा फुंकलं. माझे डोळे भरून आले.

आणि खोटं कशाला लिहू — मन कारखान्यात होतं. माझ्यावाचून तिकडे अडलं असेल असं वाटत होतं. अडावं असंच वाटत होतं. शेठ कपाळाला हात लावून बसलेत, असं चित्र रंगवून दोनदा हसलेसुद्धा. उद्या पहाटे जाते. आधी शेठना थोडी मिनतवारी करायला लावते, मग कुंचला उचलते.

१४ सप्टेंबर, सोमवार. चतुर्थी

काहीच अडलं नव्हतं. सगळी आखणी निकेशने केली. एक बाई मूर्ती घेऊन निघाली होती, तिला थांबवून उजेडात नीट पाहिली. खोट काढायलाच पाहिली. खोट नाही. निकेश मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही नसायच्यात ना मावशी, ते सगळे शनवार शिकत होतो."

शेठकडे गेले. म्हटलं, पुढच्या हंगामाला येईन. शनवारी येणार नाही.

इतकी वर्षं हे बोलताना माझ्याकडे माझा हात होता. आज काहीच नव्हतं. आवाज कापला. शब्द तेच ठेवले.