माहेरचं जेवण

नाशिक रोड,
३ जून २०२५

ती. झुंबरदादास,
धाकट्या लताचा स. जयभीम.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. हे आयसीयूत आहेत. आधी जुलाब, मग ताप. दहा दिवस कावीळ समजून औषधं चालली. निघालं भलतंच. अन्नपाण्यातून अमिबा पोटात गेला, लिव्हरमध्ये गळू झालं आणि ते फुटलं.

चूक माझीच रे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, बाहेरचं काही खाल्लं का. मी ठणकावून सांगितलं, छे, घरचंच. आपल्या हर्षालीच्या लग्नाची पंगत, सख्ख्या भावाच्या दारातलं जेवण, त्याला बाहेरचं कसं म्हणू? केसपेपरवर तेच लिहिलं गेलं.

आता केटररवर दावा लावायचाय, पण वकील मॅडम म्हणतात, हा कागद आपल्यालाच नडणार. स्वयंपाक केटररचा होता, असा तुझ्या सहीचा जबाब पाहिजे. पंगतीतले तीसेक जण जुलाबाने पडले होते ना? डॉक्टर म्हणतात, त्या सगळ्यांची तपासणी करा. आणि तो केटरर अजून लग्नांच्या ऑर्डरी घेतोय! मॅडमचा नंबर कागदाच्या मागे लिहिलाय.

माया असू दे, पण सही करायला ये.
तुझी लता

कळवण,
७ जून २०२५

चि. सौ. लतास,
झुंबरदादाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण केटरर म्हणजे जावयाचा सख्खा काका. पोरीला नांदायला जाऊन महिना झालाय. मी सही केली तर ते तिला घरात ठेवतील का? गावातल्या आजारी माणसांना मी स्वतः दवाखान्यात नेतो, दाजींसाठी रक्त देतो. कागदावर तेवढं माझं नाव मागू नको. माझा लय राग येईल तुला. येऊ दे, पण तोडू नको.
तुझा दादा

वणी,
१२ जून २०२५

ती. सौ. लताआत्यास,
हर्षालीचा सविनय जयभीम.

तुझं पत्र आईने मला गुपचूप पाठवलं. आत्या, लग्नानंतर मलाही संडासवाटे रक्त पडत होतं. सासूबाई म्हणाल्या, नवीन गावचं पाणी बाधलं. मी मान डोलावली.

केटररकाकांशी बोलणं माझ्याच मोबाइलवरून झालं होतं, बाबांना टाइप करता येत नाही. लग्नाच्या सकाळी काकांनी लिहिलं होतं, टँकर आला नाही, शेजारच्या उघड्या विहिरीचं पाणी घेतो. मेंदीच्या हाताने मी नुसता अंगठा पाठवला. वाचलंसुद्धा नाही गं नीट! मामा माझ्या अंगठ्यामुळे आयसीयूत पडलेत.

ते सगळे मेसेज, माझ्या अंगठ्यासकट, आज वकील मॅडमना पाठवले. मग घरात सांगितलं. सासूबाईंनी माझे कपडे पिशवीत भरून ओट्यावर ठेवले. तुझा जावई मान खाली घालून बसला.

या पत्राचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवते; जबाबावर सही करायला उद्या पहिल्या गाडीने येते. बाबांना रागावू नकोस, आणि माझ्यावरचा जीव जमलं तर तेवढाच ठेव. मामांजवळ मी बसेन, तू जरा पाठ टेक. मला परत जायची घाई नाही.
तुझी हर्षाली