प्रत्येकी एक नग

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाण्याच्या पंपांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाला बळी न पडता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना ते म्हणाले, "डोकं उत्तम आहे, फक्त तापतं फार." हे त्यांनी दाखल्यात लिहिलेलं नाही. हृदयाचा एक व्हॉल्व्ह मात्र गेला आहे आणि गुरुवारी ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

कलम १. राहतं घर, आतल्या सगळ्या सामानासह, माझ्या पत्नीला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. गेली कित्येक वर्षं मी "उद्या करतो" म्हणत आलो. अख्ख्या शहराला पाणी चढवणाऱ्या माणसाच्या घरातली ही तऱ्हा! माणूस बोलावून तो नळ बदलून घ्यावा.

कलम २. बँकेतली ठेव धाकट्या मुलाला. तो पगारी नोकरीत आहे. "बाबा, सोडा ना तो नाद," असं दर रविवारी फोनवर सांगतो. तो नाद म्हणजे खात्याविरुद्धचं माझं अपील. ठेव तरीही त्यालाच. रागावलो असलो तरी बाप आहे.

कलम ३. वर्कशॉप, लेथ, चेनपुली आणि सर्व हत्यारं थोरल्या मुलीला. गेली चौदा वर्षं ती ते माझ्यापेक्षा चांगलं चालवते. फक्त डायल गेज आमच्या जुन्या फिटरला द्यावा. शाफ्ट वाकलाय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळतं, तरी गेज लावून खात्री केल्याशिवाय बोलत नाही.

या कलमाला मी एक अट घातली होती. ती वर खोडलेली दिसेल. का घातली आणि का खोडली, हे सांगणं भाग आहे.

पाणीपुरवठा खात्याच्या अकरा पंपगृहांची देखभाल आम्ही तीस वर्षं केली. दर तीन वर्षांनी टेंडर निघतं. फॉर्मवर बासष्ट कामांची यादी असते, प्रत्येक कामापुढे आपला दर लिहायचा. खातं काय करतं, तर ते बासष्ट दर एकाखाली एक मांडतं आणि बेरीज मारतं. ज्याची बेरीज कमी, तो स्वस्त. कोणतं काम वर्षातून किती वेळा निघतं, याची चौकशी कोणी करत नाही.

आता बघा. पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती पॅकिंगची दोरी भरतात. ती वर्षातून तीनशे वेळा बदलावी लागते. अख्खा शाफ्ट बदलायची वेळ नऊ वर्षांतून एकदा येते. मी पॅकिंगला चारशे आणि शाफ्टला वीस हजार लिहिले, कारण तेवढेच लागतात. गेल्या टेंडरला एक नवा गडी आला. पंपगृहात पांढरे बूट घालून येतो, म्हणून आमची माणसं त्याला चकाचक म्हणतात. त्याने पॅकिंगला नऊशे लिहिले आणि शाफ्टला शंभर. शंभर! तेवढ्यात शाफ्ट टेम्पोत चढवूनसुद्धा मिळत नाही. पण बेरीज त्याची कमी भरली, म्हणून काम त्याला. आता खातं दरवर्षी तीनशे वेळा दुपटीहून जास्त मोजतं आणि स्वस्तात मिळालं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतं.

मी लेखी हरकत घेतली. कार्यकारी अभियंता साहेबांनी समोर बसवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे हो. पण ते आमच्या तक्त्यात बसत नाही." पुढे लेखी उत्तर आलं: सदर तक्ता तज्ज्ञ समितीने सखोल अभ्यासाअंती निश्चित केला असून त्यात बदल करण्याचे प्रयोजन दिसत नाही. मी अपील केलं. सुनावणी तीनदा पुढे ढकलली. आता ती ऑपरेशननंतर बारा दिवसांनी आहे. तोवर मी नसलो तर अपील वारसाने चालवायचं, नाहीतर ते निकाली.

अशात थोरली एकदा म्हणाली, "बाबा, पुढच्या टेंडरला आपणही शाफ्टपुढे शंभर लिहू."

"खोटा दर लिहायचा?"

"खोटा कसला? त्यांना हवी तशी बेरीज द्यायची. नऊ माणसं आहेत आपल्याकडे, त्यांची घरं चालायला नकोत?"

माझं टाळकं सरकलं. त्या तिरीमिरीत मी अट घातली: वर्कशॉप तिला मिळेल, पण प्रत्येक टेंडरला खरा दर भरावा आणि हे अपील तिने शेवटपर्यंत लढवावं. तिने मसुदा वाचला आणि किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. "मग हे मला नको. खरा दर लिहून हरायचं आणि मग फिटरकाकांना उद्यापासून येऊ नका म्हणायचं, ते तुम्ही करा." बोलताना तिचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत वर्कशॉपमध्ये मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

अट खोडली आहे. खोडल्या जागी माझी सही आहे. वर्कशॉप तिचं, दरही तिचेच.

कलम ४. चकाचकसाठी मी काही ठेवत नाही, रागसुद्धा नाही. त्याने फॉर्म नीट वाचला, एवढाच त्याचा गुन्हा. साहेबांना माझा कॅल्क्युलेटर द्यावा. त्यात गुणाकाराचंही बटण आहे.

कलम ५. जे मी अपिलात लिहिलं नाही, मुलीलाही सांगितलं नाही, ते इथे लिहितो. तज्ज्ञ समिती कधी नव्हतीच. एकतीस वर्षांपूर्वी खात्याला संध्याकाळपर्यंत नवा फॉर्म हवा होता. तो तक्ता हेडक्लार्क आणि मी त्याच्या टेबलावर डबा खाता खाता केला. "वर्षाला किती नग" असा रकाना त्यात होता. टाइपरायटरच्या कागदावर तो काही केल्या मावेना. मीच म्हणालो, "काढून टाक रे. प्रत्येकी एक नग धर. नाहीतरी टेंडर भरणारा मी एकटाच आहे." त्याने काढून टाकला.

त्यानंतर तीस वर्षं मी जिंकत होतो, म्हणून त्यात मला काही चुकीचं दिसलं नाही. हरलो तेव्हा दिसलं. मुलीला खोटा दर लिहावासा वाटतो तो माझ्या तक्त्यामुळे, आणि उपदेश तिला मीच करत बसलो होतो. याची मला लाज वाटते.

हे कलम सुनावणीत वाचून दाखवावं. मी असलो तर मीच वाचेन. नसलो तर अपील पत्नीने चालवावं. मुलीचं नाव कुठेही घालू नये, खातं डूख धरतं. पत्नीला विचारलं, तर म्हणाली, "द्या इकडे. जन्मभर तुमच्याशी वाद घातलाय, तुमचे साहेब काय चीज आहेत?" मागणी एकच: तो रकाना परत घालावा. काम मला परत नको.

हेडक्लार्कला आज साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं. त्याने हे कलम दोनदा वाचलं. "अरे, माझं पेन्शन चालू आहे," म्हणाला. मी म्हटलं, "मग नको करूस सही. शेजारी दुसरा कोणी बघतो." त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. मग पेन मागून घेतलं आणि आपल्या नावापुढे काय लिहायचं तेही त्यानेच सांगितलं.

ठिकाण: वर्कशॉपमधलं टेबल
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार

मृत्युपत्र करणार: (सही)

मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्याच्या समक्ष केल्या.

साक्षीदार १: (सही) शेजारच्या दुकानातला वेल्डर

साक्षीदार २: (सही) निवृत्त हेडक्लार्क, पाणीपुरवठा खाते, तज्ज्ञ समितीचा दुसरा सदस्य