धागा तुटलेला कळतो कसा?

डिंडोली, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नानांस,
नूतनचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझा आवाज ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हा कागद. आधी बातमी सांगते, मग रागवा. दवाखान्यातली कान तपासायची नोकरी मी सोडली. माझ्याबरोबर शिकलेला ललित आणि मी मिळून इथे एक खोली घेतली आहे. कापडाच्या लूमवरच्या कामगारांचे कान फुकट तपासायचे आणि ज्याच्या त्याच्या मापाचं बूच करून द्यायचं. मशीनचा दणका अडेल, पण माणसाची हाक आत येईल असं. खर्च कारखान्याच्या शेठने द्यायचा. धंदाच म्हणते याला. देणग्यांवर चालवायचा नाही.

महिन्यात चार जण आले, त्यातले दोन पत्ता चुकून! लोक म्हणतात, बहिरेपण कागदावर आलं तर शेठ घरी बसवेल. शिवाय बूच घातल्यावर धागा तुटलेला कळणार कसा? याचं उत्तर मला देता येत नाही. तुम्ही वीस वर्षं लूमवर होतात. तुम्हाला कसं कळायचं?

माईला नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही यावं.
तुमची नूतन

अमळनेर
१२ फेब्रुवारी

चि. नूतन हिस अ. उ. आ.

पत्र पावलं. तुझी माय दोन दिवस माझ्याशी धड वागत नाही, जशी काही नोकरी मीच सोडली. हे खूळ त्या ललितचं की तुझं? तुझंच असणार, घराण्यात आहे.

एक बजावून ठेवतो. माझं नाव तिथे कुणापाशी काढू नकोस. माझे कान तापात गेले, हेच गावाला ठाऊक आहे आणि तेच राहू दे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

वेळेवर जेवत जा. माझे आशीर्वाद रागाने कमी होत नाहीत.
नाना

डिंडोली
२ मार्च

तीर्थरूप नानांस सा. न. वि. वि.

उधन्याच्या एका शेठने महिनाभराची परवानगी दिली, आठ कारागिरांपुरती. कापड जास्त बिघडलं तर बुचं उचलून चालू लागा, असं त्याने बजावलं. दुसऱ्याच दिवशी सात जणांनी बुचं खिशात टाकली. एकट्या किरणने कानात ठेवली, आणि त्याच्याच मशीनवर ताका बिघडला. ललितला हजिऱ्याहून नोकरीचं बोलावणं आलंय. मी त्याला जा म्हटलं, तर म्हणाला, महिना संपेस्तोवर हलणार नाही.

नाना, मी तपासलेल्या कुणालाच ताप आला नव्हता. मी चौथीत असताना तुम्हाला मागून हाका मारायचे आणि तुम्ही वळायचा नाहीत. माझ्यावर रागावलात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. किरणला तीन वर्षांची मुलगी आहे. तिला तसं वाटू नये. तुम्ही सांगा किंवा सांगू नका, मी थांबणार नाही.

राग असला तरी माया असू द्या.
नूतन

अमळनेर
८ मार्च

चि. नूतन हिस अ. उ. आ.

तुझ्यावर मी एकदाही रागावलो नव्हतो पोरी. हाक ऐकूच येत नव्हती.

उधना सोडायच्या आधी सहा वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं, तरी चार लूम सांभाळत होतो. तळहात लूमच्या चौकटीवर ठेवायचा. धागा तुटला की ठोका बदलतो, तो हाताला कळतो. हे मला भीतीने शिकवलं.

पण माणसाची हाक हाताला कळत नाही. शेजारच्या मशीनवर लोटू असायचा. त्याचा हात पट्ट्यात सापडला. तो माझ्या नावाने ओरडत होता आणि मी पाठमोरा उभा. दुसऱ्याने धावत येऊन बटण बंद केलं, तोवर दोन बोटं गेली होती. लोटूला वाटलं, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगितलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून गप्प बसलो. महिन्याभरात गाव गाठलं आणि तापाची गोष्ट रचली.

मंगळवारी उधन्याला उतरतो. त्या आठ जणांना थांबवून ठेव.
नाना

डिंडोली
३० मार्च

तीर्थरूप माईस,
सा. न. वि. वि.

नाना इतक्यात परत येत नाहीत, हे आधीच सांगते. पहिल्या दिवशी त्यांनी किरणचा तळहात मशीनवर दाबून धरला आणि मुद्दाम एक धागा तोडला. किरणने लगेच मशीन थांबवली. नानांचा मोठा आवाज ऐकून बाकीचे हसत होते. मग नानांनी आपल्या कानांचं आणि लोटूकाकांचं सगळं सांगितलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. आठही जणांनी बुचं कानात घातली.

महिन्यात कापड जास्त बिघडलं नाही. शेठ आता सगळ्या कारखान्यासाठी बुचं घेतोय. तपासणीत कमी ऐकू आलं म्हणून कुणालाही काढणार नाही, हे मी त्याच्याकडून आधी लिहून घेतलं. ललित म्हणाला, त्याशिवाय उठायचंच नाही. हजिऱ्याच्या नोकरीला त्याने नकार कळवला.

काल संध्याकाळी नाना लोटूकाकांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. लोटूकाकांनाही आता ऐकू येत नाही गं. दोघं उंबऱ्यावर उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. चौदा वर्षं तुला शिव्या घातल्या, असं काका ओरडले. मला एकही ऐकू आली नाही, असं नाना ओरडले. अख्खी गल्ली बाहेर आली. मग काका रडले आणि बाईंनी चहा ठेवला.

आज सकाळी खोलीपुढे अकरा जण उभे होते, पुढे लोटूकाका. त्यांना तपासणीच्या काचेच्या कप्प्यात बसवलं आणि यंत्रातली शिट्टी ऐकू आली की हात वर करा, असं लिहून दाखवलं. मी शिट्टीचा आवाज वाढवत नेला. मग तीन बोटांचा तो हात हळूच वर गेला. नाना काचेपलीकडे उभे होते, त्यांनीही हाकेला ओ दिल्यासारखा आपला हात वर केला.

नानांची काळजी करू नकोस, मी आहे. तुझी माया आम्हा सगळ्यांना पुरेल, तेवढी पाठवत राहा.
तुझी नूतन