पोटुशीच्या हातची नीळ

आत्याबाई,

मक्याचा भात झाकून ठेवलाय.

सूत रंगवायच्या निळीचं मोठं मडकं नासलं, तेव्हा चार बायकांदेखत तुम्ही म्हणालात, "ही पोटुशी जवळ फिरकली. हिच्या पोटातल्यानंच नीळ मारली." आपल्या सुंबा बेटावर गरोदर बाईनं निळीला शिवायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. मी शिवलेच नव्हते. चुना तुमच्याच हातून जास्त पडला होता.

म्हणून मग मुद्दाम शिवले. चिंचेखाली लहान मडकं लावलं, चुना बेतानं घातला आणि याच हातांनी सूत बुडवलं. दोरीवर वाळतंय. उजेडात धरून बघा, किती गडद रंग चढलाय.

मी माहेरी, तुमच्याच भावाच्या घरी चाललेय. बाळंतपण तिथंच होईल. जन्माआधीच ज्याच्यावर तुम्ही खापर फोडलंत, त्याला या घरात आणायचं की नाही, ते मी ठरवीन.

कोंगा