आत्याचं सापडलेलं गाणं

प्रिय आत्या,

तुमच्या रॉक बँडचं हरवलेलं गाणं सापडलं म्हणून लोक नाचतायत ना, ते तू कधी गायलंच नाहीस. जुन्या बँडवरचे माझे व्हिडिओ बघणाऱ्या कुणीतरी त्यातूनच तुझा आवाज उचलला आणि कॉम्प्युटरकडून नवं गाणं गाऊन घेतलं. काढून टाका म्हणून मी साइटवाल्यांच्या किती विनवण्या केल्या, पण ते ढिम्म हलले नाहीत. वर लोक मलाच सुनावतात, "त्यांचं सगळ्यात भारी गाणं, आणि तुझ्या व्हिडिओत नाही? कसला रे तू फॅन!"

तुला सांगणारच होतो. पण तू फोन कानाला लावून ते ऐकलंस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "अरे, त्या दिवशी ड्रमरला ताप होता. तरी पठ्ठ्या वाजवत राहिला!" घशाच्या ऑपरेशननंतर उरलेल्या त्या खरखरीत आवाजात तू इतकी हसलीस, की मी ते तुला पुन्हा लावून दिलं.

आज भांडी विसळताना तू तेच गुणगुणत होतीस. दुसऱ्या कडव्यापाशी अडलीस आणि माझ्याकडे बघितलंस.

पुढची ओळ मीच सांगितली.

तुझाच,
भोंगा