नाकाचं माप

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १७ फेब्रुवारी २०२५
॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

चि. शिवलीला हिस दानम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करू का म्हणून पुन्हा विचारू नकोस. तरुणपणी मागाच्या खडखडाटात कान गेले ते गेले. फोनमधून मला नुसती घरघर ऐकू येते. पत्रच लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ.

आजच्या एस.टी.ने दोन बाटल्या पाठवल्यात. लाल ती गुलाबाची, काळी ती काला खट्ट्याची. आपली रीत तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, बर्फाच्या गोळ्याची गाडी लावली तेव्हापासून हंगामाचं पहिलं सरबत सासरी गेलेल्या लेकीच्या तोंडी पडतं, आणि तिचं पत्र आल्याशिवाय आपल्या रंध्यावर बर्फ किसला जात नाही. मला मूलबाळ नाही, तेव्हा लेक म्हणून भावाची तूच. चाखून लगेच लिही. शिवरात्र झाली की गाडी लावायची आहे.

डिसेंबरात तापाने आठ दिवस आडवी होते. कळवलं असतं तर धावत आली असतीस, म्हणून कळवलं नाही. आता ठणठणीत आहे. पण यंदा सरबताबद्दल मनात धाकधूक आहे. जे असेल ते खरं लिही.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. त्यांची जीभ अजून तशीच तिखट आहे का, तेही कळव. (हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस.)

तुझी,
दानम्मा आत्या


टेंभुर्णी
दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शिवलीलाचा सा. न. वि. वि.

बाटल्या पोचल्या. चव नेहमीसारखीच झकास. खुशाल गाडी लाव.

यांचा टेम्पो दुरुस्त होऊन आला. दारातल्या डाळिंबाला कळी धरली आहे. शाळेत माझ्याकडे यंदा चौथीचा वर्ग आहे, मुलं वात आणतात. सासूबाईंना खोकला आहे, म्हणून त्यांनी सरबत घेतलं नाही. तापाचं कळवलं नाहीस म्हणून मी रागावले आहे, पण तो राग भेटल्यावर काढीन.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
शिवलीला


शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १० मार्च २०२५

चि. शिवलीला हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर विसंबून मी गाडी लावली. दहा-बारा दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं तुटली. रिक्षावाला भीमा वीस वर्षं माझ्याकडचा काला खट्टा खातो. परवा तो म्हणाला की आज नुसता बर्फच द्या. त्याचे ओठ मी नीट वाचले, बर्फच म्हणाला. गटारात अर्धे टाकलेले गोळे दिसायला लागले. शेवटी शेजारच्या रसवंतीवाल्या कुंडलिकला धरलं आणि काय ते कागदावर लिही म्हटलं. बिचाऱ्याने खूप आढेवेढे घेतले आणि मग लिहिलं की गुलाबाला उदबत्तीचा वास येतो आणि काला खट्टा करपट लागतो.

आता माझंही ऐक. त्या तापाने माझं नाक गेलं. फुलांचा नाही, फोडणीचा नाही, कशाचाच वास येत नाही. आणि आप्पांनी शिकवलेलं माप तर नाकाचंच. पाक निवला की वास उंबऱ्यापर्यंत येईस्तोवर अर्क घालायचा. मला वास येईना, मी आपली घालतच राहिले. जिरं भाजताना करपलं, तेही कळलं नाही. लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रडले गं. वाटलं, नाक गेलं तरी हात शाबूत आहे. आणि तू माझं मन राखत बसलीस! दुसऱ्या कुणाचं खोटं मी पचवलं असतं.

पाडव्याला कुंडलिक रंधा आणि गाडी घेऊन जाणार आहे. मीच त्याला तसं सांगितलंय. या वयात लोकांच्या तोंडची चव घालवायची मला हौस नाही.

दानम्मा


टेंभुर्णी
दि. १४ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चुकले. गुलाबाचा पहिला घोट घेतला तेव्हाच मला कळलं होतं. पण तुझं दुखणं वाचून हात लिहायला धजेना. वाटलं, एखादी बाटली बिघडली असेल, बाकीचं सरबत नीट असेल. सासूबाईंना खोकला नव्हताच. त्यांनी त्याच दिवशी घोट परसात थुंकून टाकला आणि दानम्माबाईला लगेच कळव म्हणून मला बजावलं होतं. मी ऐकलं नाही. काल आलेलं तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा मला असं काही बोलल्या की चौथीच्या पोरांनाही मी तसं बोलत नाही. खाली त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं आहे.

तुझी अपराधी,
शिवलीला

दानम्माबाईस मुक्ताबाईचा नमस्कार. तुमचा गुलाब पिऊन मला देवळात बसल्यागत झालं. पर पाक लई नामी हुता, तार बराबर. म्हंजी हात जाग्यावर हाय की. रंधा कुनाला दिऊ नका. आमी दोगी शनवारी येतो. माजं नाक शाबूत हाय, आन जीभ तिखट हाय, ते पत्र मी वाचलंय.


शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ३ एप्रिल २०२५

चि. शिवलीला हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना सा. नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून घर सुनं वाटतंय. तुझ्या सासूबाई चुलीपाशी पाट टाकून बसायच्या आणि वास पुरेसा झाला की हात वर करून मला थांबवायच्या, तेव्हा मनातून मी नुसती धुमसत होते. जिऱ्यावरून तर आम्ही खऱ्याच भांडलो. तू चमचे मोजून भिंतीवर खडूने लिहायला लागलीस तेव्हा वाटलं, आप्पांच्या सरबताचं हिने औषधाचं दुकान केलं. आता रोज सकाळी तीच भिंत वाचते. एका पातेल्याला गुलाब तीन चमचे, चौथा घालायला हात शिवशिवतो, पण घालत नाही.

पाडव्याला कुंडलिक ठरल्याप्रमाणे गाडी न्यायला आला. मी त्याच्या हातात गोळा दिला. तो खाऊन त्याने माझ्याकडे काडी तेवढी परत दिली, आणि गाडीचं नावही न काढता रसवंतीवर जाऊन बसला.

काल दुपारी एक म्हातारी आली, अक्कलकोटकडची, हातात पिशवी. काला खट्टा घेतला आणि सावलीत उभी राहून चोखू लागली. चाळीस वर्षं मी गाडीवर उभी आहे, पण काय हवं ते ओठांवरून कळलं की माझी मान खाली, बर्फात. चव जिभेवर घ्यायची आणि नाकाने ठरवायचं, खाणाऱ्याकडे बघायची गरजच पडली नाही. आता दुसरं काही हाताशी नाही, म्हणून बघत होते. तिने डोळे मिटले. रंग सगळा ओढून घेतला, गोळा पांढरा फटक झाला, तेव्हा परत आली आणि हात पुढे करून कानडीत म्हणाली, इन्नू स्वल्प हाकम्मा. अजून थोडं घाल म्हणे. कानांनी काही ऐकलं नाही, पण तिच्या ओठांवरून सगळं कळलं. मी बाटली उपडी केली गं.

जांभळं निघाली की नवा काला खट्टा घालते. बाटली तुम्हा दोघींच्या नावे येईल. आधी वाईट काय ते लिहायचं, मग उरलं तर कौतुक. तुझा लोभ मला हवाच आहे, पण खऱ्यासकट.

तुझी,
दानम्मा आत्या